सी ड्राइव्ह साफ केला तरी पुन्हा भरतो: जागा नेमकं कोण खातंय ते कसं शोधायचं

सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि जागा कमी असल्याचा इशारा येतो. मग रिसायकल बिन रिकामा करायचा, डाउनलोड्समधल्या दोन-चार मोठ्या फाइली उडवायच्या, न लागणारं एखादं सॉफ्टवेअर काढायचं. दहा-पंधरा जीबी मोकळे होतात, थोडे दिवस बरे जातात आणि पट्टी पुन्हा लाल. हा फेरा ज्यांच्या मागे लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. जागा एकदाच कमी पडली असेल तर विंडोजचं डिस्क क्लीनअप चालवा, तेवढ्यानं काम भागेल. पुन्हा पुन्हा भरत असेल तर मात्र शोध वेगळ्या पद्धतीनं घ्यावा लागतो.

ड्राइव्हवर सगळ्यात मोठं काय आहे हा एक प्रश्न झाला. त्यावर वाढतंय काय, हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचं उत्तर मिळालं की थांबतात. फोटोंचं ८० जीबीचं फोल्डर दिसतं, सगळा दोष त्याच्यावर जातो आणि ते बाहेरच्या डिस्कवर हलवलं जातं. पण ते फोल्डर वर्षभर तेवढंच होतं. आठवड्याला चार जीबी खाणारं दुसरंच काहीतरी कोपऱ्यात बसलेलं असतं, आणि आता त्याला ८० जीबी मोकळं रान मिळतं. गळका नळ बंद न करता फरशी पुसत बसण्यासारखं होतं हे.

एक सूचना आधीच देतो. खाली कमांडची आणि फोल्डरांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

आधी आकडे टिपून घ्या

काहीही डिलीट करण्याआधी 'धिस पीसी' उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा आणि वापरलेली जागा व मोकळी जागा तारीख-वेळेसह कागदावर लिहा. मग संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी पुन्हा. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे ती गाळतात, पण अर्धं निदान इथेच होतं.

रीस्टार्ट केल्यावर पाच-सात जीबी परत आले, तर संशयित थोडेच उरतात: पेजफाइल, किंवा चालू प्रोग्रॅमांच्या तात्पुरत्या फाइली. पेजफाइल म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर जी फाइल वापरतं ती. आकार विंडोजवर सोपवलेला असेल तर ती गरजेप्रमाणे फुगते, अगदी रॅमच्या तिप्पटीपर्यंत. ड्राइव्हच्या आकाराच्या एक अष्टमांशावर मात्र तिला अटकाव असतो. दिवसभर ब्राउझरचे पन्नास टॅब आणि सोबत फोटो एडिटिंग चालू असेल तर मोकळी जागा संध्याकाळपर्यंत घटते आणि बंद करून सुरू केलं की परत येते. इथे डिस्क साफ करून काहीच साधत नाही. रॅम वाढवायची किंवा एका वेळी कमी प्रोग्रॅम उघडायचे, एवढाच इलाज.

रीस्टार्टनंतरही आकडा तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी आणखी उतरला, तर खरोखरच काहीतरी साठत चाललंय. पुढचं सगळं त्यासाठी.

मध्येच एक शंका नेहमी येते, ती मिटवतो. ५०० जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ४६५ दाखवतं. १ टीबीची ९३१ दाखवते, २५६ जीबीची २३८. यात कुणी काही खाल्लेलं नाही. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही त्याला जीबीच म्हणतं. मॅकवर २००९ पासून शंभर कोटींचाच हिशेब आहे, त्यामुळे एकच बाहेरची डिस्क दोन ठिकाणी वेगळी दिसते. शिवाय विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ या आवृत्तीपासून विंडोज अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखून ठेवतं. नव्या संगणकावर ते 'सिस्टिम अँड रिझर्व्ह्ड' या सदरात दिसतं.

ड्राइव्हचा नकाशा काढा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज असं गेलं की ढोबळ वाटणी दिसते: ॲप, तात्पुरत्या फाइली, डॉक्युमेंट्स वगैरे. सुरुवातीला हे बघायला हरकत नाही. पण नेमकी भानगड असते ती 'अदर' नावाच्या सदरात कोंबलेली असते आणि तिथे हे पान हात टेकतं.

म्हणून फोल्डरनिहाय आकार दाखवणारं साधन हवं. विंडोजसाठी विझट्री, विनडर्‌स्टॅट आणि ट्रीसाइझ फ्री ही तीन घरगुती वापराला फुकट मिळतात आणि तिन्ही भरवशाची आहेत. मी आधी विझट्री सुचवतो. ते एकेक फोल्डर उघडून बेरीज करत बसत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या रचनेच्या ड्राइव्हवर सगळ्या फाइलींची नोंद ठेवणारी जी मास्टर फाइल टेबल असते तीच थेट वाचतं, त्यामुळे लाखो फाइलींचा ड्राइव्हसुद्धा काही सेकंदांत समोर येतो. मूळ निर्मात्याच्या साइटवरूनच उतरवा. जागा मोकळी करून देतो म्हणणारी भलतीसलती क्लीनर सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातली बरीचशी स्वतःच एक नवं दुखणं होऊन बसतात.

या साधनांत खाली रंगीत चौकटींचा नकाशा दिसतो. जितकी मोठी फाइल तितकी मोठी चौकट. ट्रीमॅप म्हणतात त्याला, आणि तो जन्माला आला तोच मुळी या दुखण्यातून. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती सारखी भरायची आणि जागा कुणी, कुठे व्यापली ते कळायचं नाही. फोल्डरांची अख्खी उतरंड एका चौकोनात मावेल अशी मांडणी शोधताना त्यांना ही कल्पना सुचली. आपल्या डिस्क हजारो पटींनी मोठ्या झाल्या तरी प्रश्न तोच आहे आणि उत्तर शोधायची रीतही तीच कामाला येते.

साधन चालवताना 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करायला विसरू नका. नाहीतर दुसऱ्या युजरची फोल्डरं आणि विंडोजनं बंद ठेवलेल्या जागा शून्य दिसतात, आणि नेमका चोर तिथेच असेल तर तो सुटतो.

आता वरून खाली उतरत जा. सगळ्यात मोठं फोल्डर उघडा, त्यातलं सगळ्यात मोठं उघडा, आणि आकार अनेक फोल्डरांत विखुरला जाईपर्यंत असंच जात राहा. बहुतेक संगणकांवर ही वाट युझर्स, मग तुमचं नाव, मग ॲपडेटा, मग लोकल अशी जाते. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये हातानं शोधणाऱ्यांना ते दिसतच नाही. ब्राउझरचे कॅशे, चॅट ॲपमध्ये आलेले व्हिडिओ, गेमचे उरलेसुरले तुकडे, वर्षापूर्वी काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचा गाळ, सगळं इथे मुक्कामाला असतं.

आणखी एक पडताळा घ्या. साधनानं दाखवलेली एकूण बेरीज आणि प्रॉपर्टीजमधली वापरलेली जागा शेजारी शेजारी ठेवा. दोन-तीन जीबी इकडेतिकडे असतील तर सोडून द्या. पण साधन १५० म्हणतंय आणि विंडोज २१० म्हणतंय, असं असेल तर हे ६० जीबी सहसा शॅडो कॉपीत असतात. त्याबद्दल खाली बोलतो.

वाढतंय ते पकडा

आज नकाशा काढला की पहिल्या दोन-तीन पातळ्यांवरच्या फोल्डरांचे आकार लिहून ठेवा. विझट्रीतून ही यादी सीएसव्ही फाइलमध्ये काढता येते. नेहमीसारखं काम करा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा यादी काढा. दोन याद्या एक्सेलमध्ये शेजारी लावून वजाबाकी केली की वाढलेलं फोल्डर आपोआप वर येतं. ते मोठं असायलाच हवं असं मुळीच नाही. तीन जीबीचं पाच झालेलं फोल्डर माझ्या लेखी शंभर जीबीवर स्थिर बसलेल्या फोल्डरपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

घाई असेल तर जवळची वाट अशी: मोठ्या फाइलींची यादी बदलल्याच्या तारखेनं लावा. आजच्या किंवा कालच्या तारखेच्या, तुम्ही स्वतः न बनवलेल्या मोठ्या फाइली दिसल्या की तिथे थांबा.

एका ओळखीच्या हिशेबनिसांच्या संगणकावर नेमकं असंच दिसलं होतं. डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा आणि सी सारखा तुंबलेला. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, डेस्कटॉप सगळं लख्ख. यादी तारखेनं लावली तर प्रोग्रॅमडेटा या लपलेल्या फोल्डरच्या पोटात बॅकअप नावाचं फोल्डर, आणि त्यात तारीख-वेळेची नावं असलेल्या झिप फाइलींची रांग. प्रत्येक सातशे एमबीच्या आसपास. सगळ्यात ताजी त्याच सकाळची, तिच्या आधीची आदल्या संध्याकाळची. हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी बंद करताना पूर्ण बॅकअप घेत होतं आणि जुना एकही काढत नव्हतं. त्यांना ते सॉफ्टवेअर दिवसातून दोनदा बंद करायची सवय. म्हणजे रोज दीड जीबीच्या आसपास, सुट्टीचे दिवस सोडून. सेटिंगमध्ये 'शेवटचे किती बॅकअप ठेवायचे' अशी चौकट होती आणि ती रिकामी होती. तिथे दहा लिहिलं, बॅकअपची जागा डी ड्राइव्हवर वळवली आणि जुन्या फाइलींतला दर महिन्याचा शेवटचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर ठेवून बाकीच्या काढल्या. तो ड्राइव्ह नंतर भरला नाही. त्याआधी सगळी वर्षं तिथे फक्त रिसायकल बिन रिकामा होत होता.

कारण सापडलं की तिथल्या फाइली काढण्याआधी त्या तयार करणाऱ्याचं सेटिंग बदला. क्रम उलटा केला की पुढच्या महिन्यात तिथेच याल.

विंडोजची स्वतःची एक जुनी खोड

ही जरा सविस्तर सांगतो, कारण वरवर बघितलं तर ती कळत नाही आणि लोक वर्षानुवर्षं तिच्याशी झगडतात. लक्षण असं: सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं टेम्प उघडलं की 'कॅब', पुढे अंडरस्कोर आणि मग आकडे, अशा नावांच्या फाइलींची लांबलचक रांग दिसते. साधारण शंभरेक एमबीची एकेक. डिलीट केल्या तर जागा होते. पण काही तासांत तशाच नव्या.

अपडेट आणि विंडोजचे घटक बसवताना विंडोज सीबीएस नावाची एक लॉग फाइल, म्हणजे काय काय झालं याची नोंदवही, लिहीत असतं. ती राहते विंडोजमधल्या लॉग्ज, त्यातल्या सीबीएस फोल्डरात. लॉग मोठी झाली की तिला 'सीबीएस पर्सिस्ट' असं नाव आणि तारीख चिकटवून बाजूला ठेवलं जातं आणि मेककॅब नावाचा छोटा प्रोग्रॅम ती दाबून लहान करतो. या मेककॅबला २ जीबीहून मोठी फाइल पेलत नाही. काही कारणानं लॉग त्यापुढे गेली की दाबण्याचं काम मधेच फसतं आणि अर्धवट तयार झालेली फाइल टेम्पमध्ये तशीच पडून राहते. थोड्या वेळानं विंडोज पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा फसतं, पुन्हा एक तुकडा. रात्रभर संगणक चालू ठेवला तर सकाळी ड्राइव्ह भरलेला.

टेम्पमधले तुकडे साफ करत राहणं म्हणूनच व्यर्थ. खरं दुखणं सीबीएस फोल्डरातली ती अवाढव्य लॉग आहे. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' ही सर्व्हिस थांबवा, सीबीएस फोल्डरातल्या मोठ्या, जुन्या लॉग फाइली काढा, मग टेम्पमधल्या कॅब फाइली काढा आणि संगणक रीस्टार्ट करा. या लॉग फक्त तपासणीसाठी असतात, त्या गेल्यानं विंडोज बिघडत नाही. अपडेट मात्र त्या क्षणी चालू नसावं.

नेहमीचे बाकी संशयित

शॅडो कॉपी. रिस्टोअर पॉइंट आणि काही बॅकअप सॉफ्टवेअर ड्राइव्हच्या जुन्या अवस्थेच्या नोंदी 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या कुलूपबंद फोल्डरात ठेवतात. तिथे साध्या युजरला डोकावताच येत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज' ही कमांड दिली की किती वापरलंय आणि कमाल मर्यादा किती ते दिसतं. मर्यादेच्या जागी 'अनबाउंडेड' दिसलं तर चोर सापडला म्हणून समजा. सर्च करून 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' उघडा, ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर दाबा आणि तिथली सरकपट्टी काही टक्क्यांवर आणा. पूर्ण बंद करू नका. एखादं अपडेट फसलं तर हाच रिस्टोअर पॉइंट तारून नेतो.

हायबरफिल. हायबरनेट करताना रॅममधलं उघडं काम जिच्यात साठवलं जातं ती, सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेली ही लपलेली फाइल विंडोज १० आणि ११ वर सहसा रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी, ३२ ला जवळजवळ तेरा. ती वाढत जात नाही, तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर ती नाही, पण जागा मोठी धरते. टेबलावरच्या संगणकाला हायबरनेट लागत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ' दिलं की फाइल जाते. सोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. लॅपटॉपवर मी हे करायला सांगत नाही. बॅटरी संपत आली की उघडं काम वाचवण्याचं काम हायबरनेटच करतं.

विंडोज डॉट ओल्ड. मोठ्या अपग्रेडनंतर जुनं विंडोज या फोल्डरात राहतं. परत जायची मुदत १० दिवसांची, त्यानंतर विंडोज ते स्वतःच काढतं. आधी काढायचं तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजच्या पानावर टेम्पररी फाइल्सच्या यादीतून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' निवडा. मग मागे फिरायची वाट बंद होते. त्याच यादीत डाउनलोड्स असाही एक पर्याय असतो. खूण करताना डोळे उघडे ठेवा. कामाची कागदपत्रं डाउनलोड्समध्येच ठेवणारे खूप आहेत आणि ती अशीच जातात.

चॅट ॲप आणि मेल. व्हॉट्सॲप, टेलिग्रामच्या संगणकावरच्या आवृत्त्या आलेला मजकूर आणि व्हिडिओ साठवत जातात. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये साठ्याची कमाल मर्यादा ठरवता येते, ती ठरवून टाका. आउटलुकची ओएसटी फाइल (मेलची संगणकावरची प्रत) फुगली असेल तर ती डिलीट करून काही होत नाही, सर्व्हरवरून पुन्हा तेवढीच उतरते. खात्याच्या सेटिंगमध्ये किती महिन्यांची मेल ऑफलाइन ठेवायची ती पट्टी कमी करा.

क्लाउड फोल्डर. वनड्राइव्हमधल्या फाइलचे दोन आकार असतात, 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क'. तुमच्या ड्राइव्हवर भार पडतो तो दुसऱ्याचा. फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' केलं की फाइली क्लाउडवर राहतात आणि इथली जागा सुटते. इथे डिलीट केलंत तर क्लाउडवरूनही जातील, ही गल्लत करू नका.

फोनचे बॅकअप. आयफोनचा बॅकअप संगणकावर घेतला असेल तर तो सहसा ॲपडेटाच्या आत मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरात जातो आणि सहज कित्येक जीबींचा असतो. जुना फोन विकून वर्षं झाली तरी बॅकअप तिथेच. हातानं तुकडे काढू नका, आयट्यून्सच्या डिव्हाइसेसच्या यादीतून काढा.

व्हर्च्युअल मशीन, डब्ल्यूएसएल, डॉकर वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: त्यांची आभासी डिस्क भरली की फाइल वाढते, पण आतलं डिलीट केलं म्हणून ती आपोआप आकसेलच असं नाही. ती वेगळी कॉम्पॅक्ट करावी लागते.

व्हिडिओ एडिटरचे कॅशे, क्रॅश डंप (संगणक कोसळताना लिहिलेली मेमरीची नोंद), सर्चची इंडेक्स फाइल हेही अधूनमधून निघतात. मेमरी डॉट डीएमपी नावाची मोठी फाइल दिसली तर ती काढायला हरकत नाही. पण ती तयार होतेय म्हणजे निळा पडदा येऊन संगणक कोसळतोय, तर त्याचं कारण आधी बघा.

दिसायला मोठं, पण हात लावायचा नाही

विंडोजमधलं विनएसएक्सएस फोल्डर नकाशात भलंमोठं दिसतं आणि ते उडवायचा मोह प्रत्येकाला होतो. त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंक आहेत. म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, पण डिस्कवर जागा एकदाच घेते. एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. खरा आकार बघायचा तर 'डिसम' या साधनाला 'ॲनलाइझ कंपोनंट स्टोअर' सांगायचं. एक्सप्लोररला दिसणारा आकार आणि प्रत्यक्ष आकार दोन्ही ते वेगळे दाखवतं. सफाईसुद्धा त्याच्याच 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप'नं करायची. हातानं फाइली काढल्या तर पुढचं अपडेट बसणार नाही, किंवा विंडोजच सुरू होणार नाही.

तसंच विंडोजमधलं इन्स्टॉलर फोल्डर. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढायला तिथल्या फाइली लागतात. ते रिकामं केल्याचा त्रास लगेच दिसत नाही. सहा महिन्यांनी एखादं सॉफ्टवेअर काढायला गेलात की ते निघत नाही, आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर तक्रार बहुधा 'सिस्टिम डेटा' फुगल्याची असते. मोठी फाइल काढली, ट्रॅश रिकामा केला, तरी मोकळी जागा वाढत नाही. टाइम मशीन (मॅकचं बॅकअप साधन) चालू असेल तर ते स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे ड्राइव्हच्या त्या वेळच्या अवस्थेची नोंद, घेतं आणि काढलेली फाइल त्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत असते. साधारण २४ तासांत हे स्नॅपशॉट आपोआप जातात, म्हणून एक दिवस थांबून पुन्हा बघा. टर्मिनलमध्ये 'टीएमयुटिल लिस्टलोकलस्नॅपशॉट्स' दिलं की यादी दिसते. नकाशासाठी ग्रँडपर्स्पेक्टिव्ह किंवा डेझीडिस्क घ्या.

लिनक्सवर 'डीएफ' (ड्राइव्हवर एकूण किती वापरलंय) आणि 'डीयू' (फाइलींची बेरीज किती) या कमांडच्या आकड्यांत मोठी तफावत हीच पहिली खूण. एखाद्या प्रोग्रॅमनं उघडून ठेवलेली फाइल तुम्ही डिलीट केली तर तिचं नाव जातं, पण तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत जागा अडलेलीच राहते. सर्व्हरवर मोठी लॉग डिलीट करून काही फरक न पडण्याचं हेच कारण. 'एलएसओएफ'ला अधिक चिन्ह, मोठा एल आणि एक असा पर्याय दिला की अशा फाइली दिसतात. मग तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा. जर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या लॉगचा, साठा 'जर्नलसीटीएल'च्या 'व्हॅक्यूम साइझ'नं कमी होतो. नकाशासाठी टर्मिनलवर एनसीडीयू, ग्नोमवर बाओबाब. जागा मोकळी दिसत असून 'जागा नाही' असा एरर आला तर 'डीएफ'ला छोटा आय लावून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा, संपलेत का बघा. लाखो इवल्या फाइलींनी ते संपतात.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर

जाणकाराला विचारताना फक्त 'सी ड्राइव्ह भरतोय' एवढं सांगितलं की तोही रिसायकल बिनपासूनच सुरुवात करणार. त्याच्यासमोर हे ठेवा: ड्राइव्हचा एकूण आकार, रॅम किती, रीस्टार्टच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा, दिवसाला साधारण किती घटते, साधनाची बेरीज आणि प्रॉपर्टीजमधला आकडा यांतला फरक, आणि चार-पाच दिवसांच्या अंतरानं काढलेल्या दोन याद्या. फरक मोठा असेल आणि शॅडो कॉपीही कमी असतील, तर आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या आणि मग 'चेकडिस्क' चालवा. फाइल सिस्टिममध्ये चूक असेल तरी हिशेब असाच जुळत नाही, आणि तपासणीच्या वेळी मिळालेले सुटे तुकडे ड्राइव्हच्या मुळाशी 'फाउंड' नावाच्या फोल्डरात जमा झालेले दिसतात.